आडनावातली बाग



माझं आडनाव बागवान. शब्द फारसीतून आलेला. बाग राखतो तो बागवान, म्हणजे माळी. पण सोलापूर, सांगली, कोल्हापूर, सातारा, कुठल्याही गावी जा आणि बागवान कुठं भेटतील म्हणून विचारा. लोक तुम्हाला बागेकडे नाही, मंडईकडे बोट दाखवतील. आमच्या वाडवडिलांनी कधीकाळी बागा राखल्याही असतील. माझ्या माहितीतल्या तीन पिढ्यांत मात्र आमच्या घरी साधी कुंडीसुद्धा नव्हती. आम्ही भाजी विकणारी माणसं. पिकवणारे वेगळे, खाणारे वेगळे, आम्ही मधले.

माझ्या वडिलांनी, अब्बांनी, सोलापूरच्या लक्ष्मी मंडईत पन्नासएक वर्षं पालेभाजी विकली. पहाटे तीनला उठायचं, मार्केट यार्डात जायचं, लिलावात उभं राहायचं. मेथी, शेपू, कोथिंबीर यांचा भाव शेकड्यावर फुटतो, म्हणजे शंभर पेंड्यांना इतके रुपये. माल घ्यायचा, गाडीवर टाकायचा, सात वाजता मंडईत बसायचं. रात्री नऊला घरी. पेंडी नुसती हातात घेऊन ते सांगायचे, ही काल संध्याकाळी काढलेली आहे आणि हिच्यावर रात्री पाणी मारलेलं आहे. दुधीला नख लावून बघणारं गिऱ्हाईक आलं की त्यांच्या कपाळावर आठी पडायची. "दुधी कोवळा आहे का ते हाताला कळतं बाई, नखाला नाही," असं म्हणायचे.

मी त्यांचा थोरला मुलगा. मी मराठी घेऊन बी. ए. झालो आणि एका शाळेत कारकून म्हणून लागलो. कविता लिहायला लागलो ते कॉलेजात. तिथं एक मुलगा मला बघितलं की लांबून ओरडायचा, "ए बागवान, कोथिंबीर काय भाव?" सगळे हसायचे, मीही हसायचो. त्यात वाईट काही नव्हतं, पण ते मला लागलं. पहिली कविता छापायला पाठवली तेव्हा मी खाली नुसतं नाव लिहिलं, आडनाव गाळलं. पुढे तीस वर्षं तीच सवय राहिली. अब्बांना मराठी वाचता यायचं, मंडईत बसून ते रोज पेपर वाचायचे. माझी कविता छापून आली की पान घडी करून खिशात ठेवायचे. एकदाच म्हणाले, "नाव तर छापलंय, पण कुणाचा आहेस ते नाही छापलं." मी म्हटलं, "कवींची तशी पद्धत असते." ते गप्प बसले.

आज मला घरातल्या भाजीपाल्याबद्दल बोलायचं आहे. पण आमच्या घरातला भाजीपाला या गोष्टीतूनच उगवला, म्हणून आधी हे सांगितलं.

आमचं घर दुसऱ्या मजल्यावर. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि पूर्वेकडे एक गॅलरी. गॅलरी आठ फूट लांब, तीन फूट रुंद. तिथं गॅसचा सिलिंडर, नातवाची मोडकी सायकल, वाळत घातलेले कपडे आणि अब्बांच्या धंद्यातली टोमॅटोची तीन रिकामी कॅरेटं. शहरात आपल्यापैकी बहुतेकांची गॅलरी अशीच असते. घरात जागा नाही म्हणून जे टाकवत नाही ते तिथं जातं.

मग २०२० साल उजाडलं. २२ मार्चला जनता कर्फ्यू झाला, २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागली. अब्बा तेव्हा पंचाहत्तरीचे. १९७२ च्या दुष्काळात मंडईत मालच येईना म्हणून काही महिने ते खडी फोडायला गेले होते. तेवढे महिने सोडले तर मंडई चुकलेली त्यांना माहीत नव्हती. आता ते पहाटे तीनला उठायचे आणि अंधारात कॉटवर बसून राहायचे. मी पाणी प्यायला उठलो की विचारायचे, "आज मेथीला काय फुटला असेल?" मी काय सांगणार? पुढे टाळेबंदी उठली, मंडई भरायला लागली, पण अब्बांच्या गुडघ्यांनी आणि दमानं साथ सोडली. जागा चुलतभावाकडं गेली. दोन जिने उतरणंही होईना. माणूस दिवसभर गॅलरीच्या दारात खुर्ची टाकून रस्त्याकडं बघत बसे. बोलणं कमी कमी होत गेलं. जेवताना भाजीला नाव ठेवायचे, तेही बंद झालं. तेव्हा मात्र मला भीती वाटली.

सुरुवात पुदिन्यानं झाली, आणि ती माझ्या बायकोनं केली. त्या वर्षी एप्रिलच्या शेवटी रमजान सुरू झाला. पुदिना महाग आणि मिळायची मारामार. एकदा मिळालेल्या जुडीच्या काड्या तिनं खालची पानं काढून पेल्यात पाण्यात ठेवल्या. आठ-दहा दिवसांत पांढऱ्या मुळ्या सुटल्या. रंगाच्या रिकाम्या डब्याला बुडाशी भोकं पाडून तिनं त्या मातीत खोचल्या. अब्बा बघत होते. आमच्या दखनीत म्हणाले, "कायकू मिट्टी में डाली? चटनी करना था ना!" पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाहिलं, तर ते खुर्चीवरून वाकून डब्यात डोकावत होते.

मला वाटलं, एवढं सोपं असेल तर कॅरेटंही भरू. इथं पहिली चूक झाली. मी एका बांधकामावरून लाल माती आणली आणि गोणपाट अंथरून कॅरेट काठोकाठ भरलं. पाणी घातलं. मग ते कोपऱ्यात सरकवायला गेलो तर जागचं हलेना. ओली माती लिटरला दीड किलोच्या घरात जाते. कॅरेटमध्ये चाळीस लिटर माती म्हणजे साठ किलो झाले. तीन कॅरेटं म्हणजे बाहेर काढलेल्या स्लॅबवर तीन माणसं कायमची उभी. वीस-बावीस किलो टोमॅटोचं कॅरेट एका झटक्यात खांद्यावर घेणारे अब्बा त्या दिवशी बऱ्याच महिन्यांनी हसले. म्हणाले, "कवी, माती भरलीस की कबर?"

मग मी वाचायला लागलो. वाचनालयात या विषयावर पुष्कळ आहे आणि आपल्या मराठी मुलखातलंच आहे. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर मूळचे गणिताचे शिक्षक. त्यांनी 'प्रयोग परिवार' उभा केला आणि सामान्य माणसांना शेतीचे प्रयोग करायला लावले. पिकाचा हिशेब जमिनीवर करू नका, पानावर पडणाऱ्या उन्हावर करा, असा त्यांचा आग्रह. पाच माणसांच्या कुटुंबाला दहा गुंठे नीट वापरले तर पुरतात, असं त्यांनी मांडलं. मुंबईत डॉ. रमेश दोशींनी घराच्या गच्चीवर उसाची चिपाडं आणि घरचा ओला कचरा वापरून भाज्या, फळं काढून दाखवली. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी स्वयंपाकघरातल्याच कचऱ्यातून बाग उभी केली.

दहा गुंठे म्हणजे दहा हजार आठशे नव्वद चौरस फूट. माझी गॅलरी चोवीस. अब्बांनी तोंडी हिशेब केला. अशा साडेचारशे गॅलऱ्या लागतील. तेव्हा घरची भाजी घरात पिकवू, हा विचार मी तिथंच सोडला. पण चिपाडाची युक्ती उचलली. सोलापुरात रसवंत्या काय कमी आहेत? रसवंतीवाला चिपाडं फुकट देतो, वर आभार मानतो. ती उन्हात वाळवली, तुकडे केले. कॅरेटच्या तळाशी निम्म्यापर्यंत चिपाडं आणि वाळका पाला, वर शेणखत आणि माती अर्धी अर्धी. वजन निम्म्यावर आलं. चिपाड कुजत जातं, खाली बसतं, दर दोन-तीन महिन्यांनी वर भर घालावी लागते. पण ते पाणी धरून ठेवतं आणि त्यात गांडुळंही होतात.

दुसरी गोष्ट उन्हाची. मी खडू घेऊन गॅलरीच्या फरशीवर तासातासाला सावलीची रेघ मारली. आमच्याकडं ऊन सकाळी सातला येतं, अकराला जातं. म्हणजे जेमतेम चार तास. पालेभाजीला तेवढं पुरतं. टोमॅटो, वांगी, मिरची ही फळं धरणारी झाडं, त्यांना सहा तास तरी हवेत. हे मला आधी कळलं असतं तर पहिल्या वर्षी मी टोमॅटोमागं चार महिने घालवले नसते. झाड खिडकीच्या वर गेलं, पानं हिरवीगार, आणि टोमॅटो पाच. डिसेंबरात ऊन दक्षिणेकडं सरकतं, तेव्हा गॅलरीचा एक कोपरा जास्त तापतो. आता मिरचीची कुंडी मी ऋतूप्रमाणे त्या कोपऱ्याकडं सरकवतो. मे महिन्यात आमच्याकडं पारा बेचाळीसच्या पुढं जातो. तेव्हा ऊन कमी पडायची नाही, ऊन भाजायची चिंता. बायकोची जुनी ओढणी बांधून सावली करतो.

पहिलं खरं पीक मेथीचं. स्वयंपाकघरातल्या डब्यातलेच दाणे रात्रभर भिजवले, चार बोटं खोल मातीत पसरून पेरले आणि वर पातळ माती भुरभुरली. तिसऱ्या दिवशी वाकलेल्या माना वर आल्या. अब्बा नातवाला हाक मारून म्हणाले, "ये बघ, मेथी जन्मली." आयुष्यात लाखो पेंड्या हाताळलेल्या माणसानं मेथी उगवताना पहिल्यांदा पाहिली होती. सत्ताविसाव्या दिवशी आम्ही ती काढली. कोथिंबिरीला जास्त धीर लागतो. धणा हा एक दाणा दिसतो, पण त्यात दोन बिया असतात. लाटण्यानं हलकेच रगडून दोन फाका केल्या तर उगवण चांगली होते, तरी आठ-दहा दिवस वाट बघावी लागते. उन्हाळ्यात ती लवकर फुलावर जाते आणि पानं बारीक होतात. म्हणून सोलापूरकरांनी कोथिंबीर पावसाळ्याच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंतच लावावी, असं मी अनुभवानं सांगतो.

पाण्याचं काय केलं, असं मला सगळे विचारतात. सोलापूरकरांना नळाच्या पाण्याबद्दल मी काय सांगावं? आमच्याकडं तेव्हा चार दिवसांआड पाणी यायचं. भरलेल्या पिंपातलं पाणी झाडाला घालताना बायकोचा जीव खालीवर व्हायचा. यावर तोड अब्बांनी काढली. ते पाच वेळा वजू करायचे. गुडघ्यांमुळं न्हाणीत बसता येईना, म्हणून गॅलरीच्या दारात स्टुलावर बसून, समोर टब ठेवून बधन्यानं वजू करत. एका वेळचं दोन लिटर पाणी, त्यात साबण नाही, काही नाही. एके दिवशी त्यांनी तो टब उचलून मेथीच्या कॅरेटमध्ये ओतला आणि म्हणाले, "वजूचं पाणी गटारात कशाला घालवायचं?" दिवसाचे दहा लिटर झाले. तांदूळ धुतलेलं पाणी, डाळीचं पाणी, भाजी धुतलेलं पाणी असं मिळून आमच्या बागेला पिंपातल्या पाण्याची फारशी गरजच राहिली नाही. आमची बाग नमाजाच्या वेळेवर पाणी प्यायला लागली.

पण गॅलरीतलं पाणी फक्त आपलं नसतं, ते खालच्याचंही असतं. आमच्या खाली एक काकू राहतात. त्यांनी पापड वाळत घातले होते, त्यावर आमच्या कॅरेटचं मातकट पाणी टपकलं. काकू वर आल्या. माझ्याशी बोलल्या नाहीत, सरळ अब्बांकडं गेल्या. म्हणाल्या, "चाचा, चाळीस वर्षं तुमच्याकडनं भाजी घेतली, कधी वजनात फसवलं नाहीत. आता माझे पापड का बुडवता?" अब्बांची मान खाली गेली. ते मला म्हणाले, "काढ सगळं." मी म्हटलं, "अब्बा, ताटल्या ठेवू." ते म्हणाले, "काढ म्हणतो ना! शेजाऱ्याच्या घरात आपलं पाणी जाता कामा नये." मी एक कॅरेट उचललंसुद्धा. मग काकूच म्हणाल्या, "अहो, काढा कुठं म्हटलं मी? खाली काहीतरी ठेवा म्हटलं."

जुन्या कूलरचा पत्र्याचा तळ आणि दोन जुन्या पराती कॅरेटांखाली ठेवल्या. त्यात रेती भरली, कारण साचलेल्या उघड्या पाण्यात डास अंडी घालतात आणि आठवड्या-दहा दिवसांत त्यांचे डास होतात. डेंगीचा डास तर अशा स्वच्छ पाण्यातच होतो. तरीही दर शुक्रवारी पराती रिकाम्या करून पुसायच्या, हा नेम ठेवला. ज्यांना गॅलरीत बाग करायची आहे, त्यांनी बी आणायच्या आधी परात आणावी.

आता अपयशाचंही सांगतो. मिरचीची चार रोपं छान वाढली. मग पानं आक्रसून वळायला लागली, बकऱ्याच्या कानासारखी. मी अब्बांना दाखवलं. त्यांनी पान हातात घेतलं आणि कितीतरी वेळ बघत राहिले. म्हणाले, "हाच का तो बोकड्या?" मी विचारलं, "तुम्हाला माहीत आहे?" म्हणाले, "नाव माहीत आहे. शेतकरी यार्डात सांगायचे, यंदा बोकड्या आलाय, माल कमी आहे, जरा भाव बघून द्या. आम्ही म्हणायचो, थापा मारतात. भाव वाढवायला एकेक रोग काढतात." फुलकिडे, कोळी आणि पांढऱ्या माशीतून येणारा विषाणू, अशा कारणांनी मिरचीची पानं अशी वळतात. लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर कडुनिंबाचं तेल, त्यात द्रव साबणाचे चार थेंब, असं आठवड्यातून एकदा संध्याकाळी फवारलं. दोन रोपं सावरली, दोन उपटून टाकावी लागली. उपटलेली रोपं अब्बा बराच वेळ हातात धरून बसले होते.

त्या रात्री ते मला म्हणाले, "एका पेंडीत मेथीची रोपं किती असतात रे?" मी म्हटलं, "कुणी मोजलीत?" दुसऱ्या दिवशी बाजारातून आणलेली पेंडी त्यांनी सोडली आणि चटईवर बसून नातवाबरोबर मोजली. दोनशे चौदा भरली. मग म्हणाले, "दोनशे चौदा दाणे पेरायचे, महिनाभर पाणी द्यायचं, उपटायचे, बांधायचे, टेम्पोत घालायचे. आणि मंदी असली की मी शेकड्याला दोनशे लावायचो. पेंडीला दोन रुपये." ते अन्यायानं वागले असं मी म्हणणार नाही. लिलावात भाव त्यांच्या हातात नव्हता, आणि संध्याकाळी उरलेला माल फेकून ते स्वतः रिकाम्या हातानं घरी आलेले मी पाहिले आहेत. पण माल घेणाऱ्याला माल होताना दिसत नाही, हे खरं. तीन कॅरेटांनी अब्बांना ते पन्नास वर्षांनंतर दाखवलं.

आता दुधीचं सांगतो. दुसऱ्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर एका पिंपात मी दुधीच्या दोन बिया लावल्या. एक वेल ठेवला. त्याचा शेंडा पाच-सहा पानांवर खुडला, कारण दुधीला मादी फुलं बहुतेक बाजूच्या फुटव्यांवर येतात. वेल सुतळीवरून गॅलरीच्या गजांवर आणि तिथून गच्चीच्या कठड्यापर्यंत गेला, तिथं त्याला उन्हाची कमतरता राहिली नाही. दीडेक महिन्यानं कळ्या आल्या. पण रोज सकाळी बघावं तर फूल सुकलेलं. मला वाटलं, काहीतरी रोग आहे. मग वाचनात आलं की दुधीचं फूल संध्याकाळी उमलतं आणि रात्रीचे पतंग त्याच्यावर येतात. दुसऱ्या मजल्यावर, रस्त्यावरच्या दिव्यांच्या उजेडात, पतंग कुठून येणार? ते काम माणसानं करायचं.

संध्याकाळी मगरिबच्या सुमारास आम्ही सगळे गॅलरीत उभे राहिलो. कळी सुटायला लागली. पाकळी पातळ, पांढरी, चुरगळलेल्या मलमलीसारखी, हळूहळू इस्त्री होत गेल्यासारखी पसरली. लांब देठाचं फूल म्हणजे नर. ज्याच्यामागं बोटाएवढा लवदार दुधी असतो ती मादी. नर फूल तोडून, पाकळ्या मागे सारून, त्यातला पराग मादी फुलाच्या मधोमध हलकेच टेकवायचा. मी करायला गेलो तर अब्बा म्हणाले, "दे इकडं." त्यांचा हात तेव्हा थरथरायचा. मी त्यांच्या कोपराखाली हात धरला. त्यांनी फूल टेकवलं आणि थोडा वेळ तसंच धरून ठेवलं.

मग म्हणाले, "इतके दुधी विकले. फूल कधी पाहिलं नव्हतं."

आणि पाहणार तरी कसे? हे फूल उमलतं संध्याकाळी, आणि प्रत्येक संध्याकाळी ते मंडईत होते. गिऱ्हाइकीची तीच वेळ. पन्नास वर्षं जेव्हा जेव्हा कुठल्या तरी शेतात दुधीला फूल आलं, तेव्हा तेव्हा अब्बा दिव्याखाली बसून दुधी तोलत होते. आणि त्यातल्या बऱ्याच वर्षांत मी घरात बसून फुलांवर कविता लिहीत होतो. फूल मीही पाहिलेलं नव्हतं. फीमात्र त्यांच्या गल्ल्यातून जात होती.

चौदाव्या दिवशी दुधी काढला. अब्बांनी हातावर तोलून सांगितलं, "साडेसातशे." काट्यावर सातशे चाळीस भरला. त्यांनीच त्याचे दोन भाग केले आणि एक भाग खाली काकूंकडं पाठवला. त्या वर्षी वेलावर सहा दुधी झाले. अब्बांनी हिशेब मांडला. पिंप, खत, सुतळी, कडुनिंबाचं तेल मिळून खर्च साडेपाचशे. सहा दुधी, बाजारभावानं दीडशे. "चारशेचा तोटा," ते म्हणाले. "असा धंदा केला असता तर तू बी. ए. झाला नसतास." पण हिशेबाची वही त्यांनी पुन्हा उघडली होती, याचं मोल मी त्या चारशे रुपयांत धरलं नाही. पहाटे तीनला ते अजूनही उठत होते. पण आता मेथीला काय फुटला असेल असं न विचारता, आपली मेथी फुटली का, असं विचारायचे.

श्रोतेहो, ज्यांना सुरुवात करायची असेल त्यांना थोडक्यात सांगतो. गॅलरी लहान असेल तर पोट भरायची आशा ठेवू नका. पण रोज लागणारी कोथिंबीर, पुदिना, कढीलिंब, दोन-चार हिरव्या मिरच्या आणि पंधरवड्याला एकदा मेथी एवढं नक्की निघतं. आधी ऊन मोजा, मग ठरवा काय लावायचं. मातीचं वजन लक्षात घ्या. खाली राहणाऱ्यांना आधी भेटा आणि पहिली जुडी त्यांना द्या. स्वयंपाकघरातली सालं, देठ एका भोकं पाडलेल्या बादलीत टाका, प्रत्येक थरावर दुप्पट वाळका पाला घाला. वास आला तर ओल जास्त झाली असं समजा आणि पाला वाढवा. मांस-मच्छीचं काही त्यात टाकू नका. दीड-दोन महिन्यांत काळं, भुसभुशीत खत होतं. आणि घरात वडीलधारं माणूस असेल तर कुंड्या त्याच्या खुर्चीच्या उंचीवर ठेवा. जमिनीवर ठेवू नका.

अब्बा २०२३ च्या हिवाळ्यात गेले. त्याआधीच्या हंगामात त्यांनी एक दुधी वेलावरच ठेवायला सांगितलं होतं. दोन महिन्यांत तो तपकिरी, टणक झाला. हलवला की आत बिया वाजायच्या. तो त्यांच्या खुर्चीजवळ टांगलेला होता. ते गेल्यावर महिन्याभरानं मी तो फोडला. बिया मोजायची हिंमत झाली नाही, पाकिटात भरल्या. खालच्या काकूंनी त्यातल्या चार मागून नेल्या. त्यांच्या गॅलरीत ऊन आमच्यापेक्षाही कमी, मी तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, "असू दे, फूल तर येईल."

या भाषणासाठी आकाशवाणीवरून फोन आला तेव्हा विचारलं गेलं, निवेदनात नाव कसं घ्यायचं? कवितेखाली छापतात तसं नुसतं नाव? मी म्हटलं, नाही. आडनावासकट घ्या. ते तुम्ही सुरुवातीला ऐकलंतच.

यंदाचा वेल गजांपर्यंत पोचला आहे. कळ्या धरल्या आहेत. संध्याकाळी मला गॅलरीत असायला हवं.